आधी माणसं दाखवा

भालेरावकाकांना आजवर अकरा कुत्री चावली आहेत आणि समोरच्याला वेळ असला तर ते सगळ्यांची ओळख करून देतात. सदऱ्याची बाही वर जाते. मनगटाजवळचा चिंटू, कोपराखालची स्वीटी, अंगठ्यावरची आडवी रेघ म्हणजे एका निवृत्त न्यायाधीशांचा प्रिन्स. बहुतेक मंडळी पांढरी, केसाळ आणि मांडीवर मावणारी. मोठं एकही नाही का, असं कुणी विचारलंच, तर काका बाही खाली घेत म्हणतात, "मोठं चावलं असतं तर दाखवायला हात राहिला असता का?"

नारायण पेठेतल्या एका कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे काका चौतीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर सुई टोचायचे, काका कुत्रं धरायचे आणि राग साहजिकच धरणाऱ्यावर निघायचा. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ते थोरल्या बहिणीबरोबर राहायचे. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. ताई दोन वर्षांपूर्वी गेल्या. कुत्रं घ्यायचं मनात आलेली माणसं मात्र अजून काकांचा सल्ला घ्यायला येतात आणि बहुतेक रागावून परत जातात.

कारण येणारा प्रत्येक जण जात कुठली चांगली ते विचारतो. लॅब्रॅडॉर गरीब असतो ना? रॉटवायलर मालकावरच उलटतो म्हणे? काका सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "कुत्रं नंतर. आधी माणसं दाखवा." मग ते त्या घरी जातात, मुलगी बघायला गेल्यासारखे. फक्त पोहे खात नाहीत.

आयटीतल्या एका मुलाला हस्की हवा होता. काकांनी त्याला मनालीला घेतलेलं जाकीट घालून मे महिन्याच्या दुपारी तासभर गच्चीत बसून यायला सांगितलं. "काका, पण माझ्याकडे फुल टाइम एसी आहे," तो म्हणाला. काकांनी विचारलं, "आणि दिवे गेले की?" तो परत आला नाही.

आमच्याही घरी ते येऊन गेलेत. माझ्या मुलीला, ईराला, कुत्रं हवं होतं आणि नवऱ्यानं फोनवर बघून लॅब्रॅडॉर ठरवूनही टाकला होता. काका दीड तास बसले, पण कुत्र्याचं नावही काढलं नाही. घरात दार कोण आपटतं, दुपारी चारला कोण असतं, आवाज कोण चढवतं, एवढंच विचारत राहिले. मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं. नवऱ्यानं ईराला हाक मारली, ईरानं मला, आणि मी भाजी परतता परतता सासूबाईंना सांगितलं. पाणी सासूबाईंनी आणलं. काका ते सावकाश प्यायले आणि म्हणाले, "कुत्र्याला फिरवायला कोण नेणार ते कळलं." जाताना त्यांचं लक्ष बाल्कनीतल्या वाळलेल्या तुळशीकडे गेलं. हिच्यापासून सुरुवात करा, असं सांगून ते जिना उतरले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. सासूबाई मात्र तेव्हापासून काकांचा विषय निघाला की गालात हसतात.

काकांकडे आलेल्यांत मांजरी गावचे तानाजीभाऊही होते. उसाची जमीन बिल्डरला देऊन त्यांनी बंगला बांधला होता आणि बघताच माणूस घाबरेल असं कुत्रं त्यांना फाटकावर हवं होतं. काका म्हणाले, "मग कुत्रं कशाला? तुमचाच फोटो लावा." भाऊंनी परस्पर रॉटवायलरचं पिल्लू आणलं, मादी. नाव ठेवलं डेंजर आणि फाटकापाशी साखळीला बांधलं. सात वर्षं ती तिथंच बांधलेली राहिली आणि नावाप्रमाणे झाली.

यंदा भाऊंना नातू झाला. डेंजर सुनेवर गुरगुरली आणि भाऊंचा काकांना फोन आला. "घरात तान्हं पोरगं हाय, काका. महिन्याभरात कुणी नेली न्हाई, तर मी तिला घाटात सोडून येनार."

आयुष्यभर लोकांना नाही म्हणणारे काका पहिल्यांदाच लोकांच्या मागे लागले. रॉटवायलर म्हटलं की समोरचा पुढचं ऐकूनच घ्यायचा नाही. दोघं तयार झाले, पण त्यांनाही ती फाटकावर बांधायलाच हवी होती. त्यांना काकांनी नकार दिला. दर रविवारी मात्र ते दोन बस बदलून मांजरीला जायचे. महिन्यातल्या शेवटच्या रविवारी गुडघा सुजला, म्हणून मी त्यांना गाडीनं नेलं.

डेंजर मला बघून अशी भुंकली की मी दोन पावलं मागे सरले. काकांनी साखळीच्या टप्प्याबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, तिच्याकडे पाठ केली आणि वर्तमानपत्र उघडलं. "उशीर झाला, बाईसाहेब," एवढंच तिला म्हणाले. अर्धा तास ती भुंकत होती आणि काका वाचत होते. मग भुंकणं थांबलं. साखळी सरपटल्याचा आवाज आला. काकांनी खुर्ची हातभर मागे घेतली आणि वळून न बघता हात मागे नेला. तिनं त्याखाली डोकं आणून ठेवलं. दोघंही बराच वेळ तसेच होते.

निघताना भाऊंनी फाटक लावत सांगितलं, "उद्या सकाळी गाडी सांगितलीया, काका."

गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "ती गरीब आहे असं मी म्हणणार नाही. सात वर्षं तिला घाबरवायच्या कामावर ठेवलंय. लहान मुलांच्या घरात तिला देता येणार नाही. मोठं माणूस हवं, दिवसभर घरी असणारं, आवाज न चढवणारं."

"म्हणजे तुम्हीच की," मी म्हणाले.

काका खिडकीबाहेर बघत राहिले. "चार आठवडे मी स्वतःलाच नाही म्हणतोय. मी चौऱ्याहत्तरचा. ती अजून दोन-तीन वर्षं तरी जगेल. मध्येच मला काही झालं, तर माझ्यामागं तिला कोण? पुन्हा कुणाचं तरी फाटक. दुसरा कुणी असा एकटा म्हातारा आला असता, तर मी त्याला कुत्रं दिलं नसतं."

जो माणूस सगळ्यांना नापास करतो म्हणून मी चिडायचे, त्यानं स्वतःलाही सोडलं नव्हतं. "तुमच्यामागं आम्ही आहोत," मी बोलून गेले.

"सासूबाईंना विचारलंत?"

मी गाडी कडेला घेतली, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. डेंजरची सगळी हकिगत सांगितली, खुर्ची, वर्तमानपत्र आणि काकांच्या काळजीसकट. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढं तिनं आपल्याकडं यायचं, तर आत्तापासून ओळख नको का? ईरा इतक्यात नको, ती मोठी होऊ दे. मी रोज संध्याकाळी खाली भालेरावांकडे जाऊन पाठ करून बसत जाईन. पेपर माझा मी आणेन म्हणावं."

फोन ठेवला. काका समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

"रोज म्हणाल्या ना?" त्यांनी विचारलं.

"रोज."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो नुसताच हातात धरला आणि पुन्हा ठेवून दिला.

"मग गाडी वळवा," ते म्हणाले.