काटेरावांनी बीळ सजवलं

एका जंगलात, बालमित्रांनो, एक साळिंदर राहत होतं आणि त्याला आपल्या घराची लाज वाटत होती.

त्याचं नाव काटेराव. घर म्हणजे एक बीळ. आजोबांनी खणलेलं, मातीचं, अंधारं आणि ऐसपैस. कोपऱ्यात हाडांचा ढीग होता. साळिंदरं हाडं कुरतडून दातांना धार लावतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर शाळेत विचारू नका. तिथेही कुणाला ठाऊक नसतं.

काटेराव, त्यांची बायको खुळखुळाबाई आणि दोन पिलं तिथे मजेत राहत. त्याच जंगलात एक बिबट्या होता. पण तो काटेरावांच्या वाटेला जात नसे. त्याचं कारण असं, की साळिंदरं संकट बघून पळत नाहीत. ती पाठ फिरवतात, काटे उभारतात आणि उलट्या पावलांनी शत्रूच्या अंगावर चालून जातात. काटेरावांच्या आजोबांनी असं एकदाच केलं होतं. बिबट्याच्या वडिलांना त्यानंतर कितीतरी दिवस पेज पिऊन राहावं लागलं. काटेरावांच्या घराण्याला पहारेकरी कधी लागला नाही, तो या काट्यांमुळे.

मग शेजारच्या मुंगसांनी बीळ नवं केलं आणि वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं.

मुंगसांकडे खाली टाइल्स होत्या आणि वर काजवे. पानात काय वाढलं होतं, हे काटेरावांना नंतर आठवेना. ते घरी आले, आपल्या मातीच्या जमिनीवर उभे राहिले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "शी! आपण अगदी जनावरांसारखे राहतो गं!"

"मग कुणासारखं राहायचं?" खुळखुळाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काटेरावांनी बगळे सरांना बोलावलं.

बगळे सर जंगलातले नावाजलेले गृहसजावटकार. त्यांचं स्वतःचं घरटं म्हणजे चार वाळक्या काटक्या, आणि त्याखालून कुणी जात नसे, कारण वरून काय पडेल याचा नेम नव्हता. पण सर पांढरेशुभ्र होते. एका पायावर उभे राहत. बोलण्याआधी डोळे मिटून बराच वेळ गप्प बसत. जंगलात तज्ज्ञ म्हणवून घ्यायला एवढं पुरतं, मुलांनो. गावातही पुरतं.

सर बिळात शिरले, डोळे मिटून उभे राहिले आणि मग म्हणाले, "जागा चांगली आहे. पण तिला श्वास घेता येत नाहीये."

काटेराव जन्मापासून तिथे श्वास घेत होते. त्यांनी ओशाळून तो रोखून धरला.

मग सगळे कोल्ह्याच्या टाइल्सच्या दुकानात गेले. कोल्ह्याने नमुन्याचे तुकडे मांडले. दुधी पांढरा, शंखी पांढरा, मोगरा पांढरा, आयव्हरी आणि नुसता पांढरा.

"यातला फरक तुमच्यासारख्या रसिकाला सांगायला नको," कोल्हा म्हणाला.

साळिंदरं अंधारात वावरणारी. त्यांना वासावरून कंदाची जात सांगता येते, रंगाशी त्यांना काय करायचं? काटेरावांना पाचही तुकडे एकच दिसत होते. पण तसं म्हणायची त्यांना भीती वाटली. ते एक तुकडा उचलून म्हणाले, "हा जरा गंभीर वाटतो, नाही?"

"हेच! हेच मी म्हणणार होतो," सर म्हणाले. काटेरावांना आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता. त्या आनंदात त्यांनी आरशासारखी चकचकीत टाइल पसंत केली. खरबरीत टाइल होती, पण ती कोल्ह्याने अंगणातल्या मोरीसाठी म्हणून बाजूला ठेवली होती.

उजेडाचं काम त्याहून अवघड निघालं. काजवे दोन प्रकारचे होते, उबदार आणि थंड.

"तुमचा स्वभाव कसा आहे?" सरांनी विचारलं.

"काटेरी," काटेराव म्हणाले.

"मग उबदारच घ्या. आणि वर फॉल्स सीलिंग करू. काजवे त्याच्या आत दडवायचे. उजेड दिसला पाहिजे, पण कुठून येतो ते कळता कामा नये."

"अहो, पण वरचं छत चांगलं धडधाकट आहे की," खुळखुळाबाई म्हणाल्या.

सरांनी डोळे मिटले. काटेरावांनी बायकोकडे असं पाहिलं, की ती पिलांना घेऊन बाहेर निघून गेली.

काम झालं. हाडांचा ढीग ओढ्यात गेला. बीळ इतकं उजळलं, की पलीकडच्या टेकडीवरून त्याचं तोंड दिसू लागलं. इतकी वर्षं ते तोंड करवंदीच्या जाळीत लपलेलं होतं. आता येणारेजाणारे थांबून बघत. काटेरावांचा ऊर भरून येई.

सर शेवटची पाहणी करायला आले. काटेराव मोठ्या तोऱ्यात पुढे झाले आणि करर्र असा आवाज आला. शेपटीच्या काट्यांनी टाइलवर ओरखडा उठला होता.

सरांच्या तोंडून "आई गं" निघालं. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "आणि हे काय? हे झुडूप कसलं उमटलंय?"

"ती माझी सावली आहे, सर."

"प्रकाशयोजनेत ही सावली धरलेली नाही," सर म्हणाले. ते बराच वेळ एका पायावर उभे राहिले. "काटेराव, राग मानू नका. या घरात आता एकच गोष्ट जुनी राहिली आहे."

काटेरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मग सर कुणाकडे बघतायत ते त्यांना समजलं.

त्या दिवशी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं.

"काटे उपटणार? डोकं ठिकाणावर आहे ना? बिबट्या आला तर काय दाखवाल त्याला, टाइल्स?"

"बिबट्या!" काटेराव हसले. "अगं, तो जुना काळ गेला. असला उजेड असलेल्या घरी बिबटे येत नसतात. चांगली माणसं येतात."

"मी माझा एक काटा काढणार नाही. टाइलवर फडकी अंथरून चालेन हवं तर. आणि पिलांच्या अंगाला हात लावाल तर याद राखा."

"पिलांचं वास्तुशांतीनंतर बघू," काटेराव म्हणाले.

आणि ते एकेक काटा उपटू लागले. फार दुखलं, मुलांनो. प्रत्येक काट्याला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेही त्यांनी टाइलवर पडू दिलं नाही. शेवटचा काटा निघाल्यावर त्यांनी खाली वाकून टाइलमध्ये स्वतःला पाहिलं. गुलाबी, मऊ, गुबगुबीत असं काहीतरी त्यांच्याकडे बघत होतं. आपण सुंदर आहोत, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

वास्तुशांतीच्या दिवशी ऊन कलताच काटेराव दारात येऊन उभे राहिले. उजेड बघून पहिला पाहुणा आला, तो बिबट्या.

तो उंबऱ्याशीच थबकला. वडिलांच्या पेजेची लहानपणी ऐकलेली गोष्ट त्याला आठवली होती. "इथे साळिंदर राहायचं ना?" त्याने दबकत विचारलं.

"मीच तो. या ना. फक्त पाय तेवढे पुसा."

बिबट्याने पाय पुसले. मग काटेरावांकडे नीट पाहिलं. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. "तुम्ही?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली भीती गेली.

काटेरावांना ते ऐकू आलं आणि सगळं उमगलं. त्यांनी आजोबांसारखी पाठ फिरवली. काटे उभारायला अंग ताणलं. नुसती कातडी थरथरली. तरी ते जोर लावून उलट्या पावलांनी निघाले. टाइलवर पाय सटकले आणि ते घसरत घसरत थेट बिबट्याच्या पुढ्यात जाऊन थांबले.

आवाज ऐकून खुळखुळाबाई पिलांना पाठीशी घालून आतून धावत आल्या. त्यांचे काटे उभे होते, शेपटी खुळखुळत होती. त्यांना बघताच बिबट्या मागे हटला. जाताना काटेरावांना तोंडात घेऊन गेला.

समाचाराला सगळं जंगल लोटलं. खुळखुळाबाई रडत होत्या. लोक त्यांच्याजवळ बसून "फार वाईट झालं हो" म्हणत होते आणि वर छताकडे बघत होते. बगळे सरांनी सगळ्या टाइल्स वाकून तपासल्या. एवढी झटापट होऊन एकही तडकली नाही, हे त्यांनी चारचौघांत सांगितलं.

मुंगशीणबाईंनी खुळखुळाबाईंच्या पाठीवरून, काटे चुकवून, हात फिरवला. मग हळूच विचारलं, "अहो, हा उजेड उबदार ना? आमचा थंड आहे, चुकलंच आमचं."

त्याच आठवड्यात ओढ्यापलीकडच्या साळिंदरांनी बगळे सरांची वेळ घेतली. त्यांनी सरांना आधीच निरोप पाठवला होता, की काटे आम्ही काढूनच ठेवतो, तुमचा वेळ नको जायला.

तात्पर्य : मुलांनो, टाइल नेहमी चकचकीतच घ्यावी. मातीत रक्त मुरतं. चकचकीत टाइलवरून ते एका फडक्यात निघतं आणि पाहुण्यांना काही कळत नाही.