टीमसाठी समाधी

आत्मज्ञान एकवीस दिवसांत मिळवायचं, आणि तेही एकही रजा न टाकता, असं धैर्यशीलरावांनी ठरवून टाकलं होतं! माणूस साखर कारखान्याच्या शेती खात्यात. दिवसभर शेतकरी समोर येऊन "आमच्या उसाला तोड कधी?" म्हणून भांडणार आणि संध्याकाळी तेच फोनवर भांडणार. तेवीस वर्षं हेच ऐकून कान किटले होते, रक्तदाब चढला होता. डॉक्टर म्हणाले, "रोज वीस मिनिटं शांत बसा. महिन्यात फरक पडला नाही, तर गोळी जन्माची."

वीस मिनिटं शांतता! आणि ती शिवाजी पेठेत! तिथं ज्या दिवशी गल्लीत मिरवणूक नसते, त्या दिवशी तिची तयारी असते.

तरी एका रविवारी दुपारी ते चटई घेऊन गच्चीवर गेले, मांडी घातली, डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. तिसऱ्या श्वासाला तोडीची यादी आठवली. पाचव्याला गॅसचा नंबर लावायचा राहिलाय हे आठवलं. शेजारच्या गच्चीवर बाळासो मोबाईलवर मॅच बघत होता. इथल्या तालमी कुस्तीपेक्षा फुटबॉलच जास्त खेळतात, आणि गल्लीच्या तालमीच्या टीमवर त्याचा जीव. टीम दोन गोलनं मागं होती, आणि धैर्यशीलरावांनी डोळे मिटल्यापासून पंधरा मिनिटांत तिनं तीन गोल मारले!

"दादा, उठू नगासा!" बाळासो ओरडला. "अजून पाच मिनिटं हाइत!"

"अरे, चहा तरी घेऊ दे!"

"च्या मी आणतो! तुमी डोळं मिटा!"

दिवेलागणीपर्यंत पेठभर झालं, की धैर्यशीलदादा ध्यानाला बसले की गोल होतो. कोल्हापुरात एक वेळ सासऱ्याचं म्हणणं टाळता येतं, फुटबॉलचा शकुन टाळता येत नाही. इथं टीम जिंकते म्हणून अख्खा सीझन एकच शर्ट न धुता घालणारी माणसं आहेत, आणि लोक नाक दाबून त्यांच्याच शेजारी बसतात!

सेमीफायनलला रिक्षा दारात आली.

"अवो, जावा की," त्यांची बायको स्वप्नाली म्हणाली. "घरात तरी कुठं ध्यान लागतंय? घोरताय नुस्तं!"

मैदानावर प्रेक्षकांच्या मधोमध चटई अंथरली होती. उजव्या कानाशी हलगी, डाव्या कानाशी पिपाणी आणि मागून रेफ्रीला शिव्या. धैर्यशीलरावांनी डोळे मिटले. नाकावर माशी बसली. ती हाकलताना एक डोळा जरासा किलकिला झाला, आणि नेमका तेव्हाच समोरच्यांनी गोल मारला!

"डोळं का उघडलंसा?" अख्खी गॅलरी वळून ओरडली.

"माशी होती हो!"

"माशी आमी बघतो! तुमी आत्म्याकडं बघा!"

पुढची सगळी मॅच बाळासो त्यांच्या नाकासमोर टॉवेल फिरवत उभा राहिला. टीम टायब्रेकरवर जिंकली. घरी आल्यावर धैर्यशीलरावांनी रक्तदाब मोजला, आणि मग आकडा बायकोला दाखवायला नको म्हणून यंत्र कपाटात ठेवून दिलं.

फायनलपर्यंत बिचारे इतके दमले, की नाही म्हणायचंही त्राण उरलं नाही. नेलं तिथं गेले, बसवलं तिथं बसले. आणि काय झालं कोण जाणे! दहा मिनिटांत हलगी लांब लांब गेली. तोडीची यादी आलीच नाही. श्वास येत होता, जात होता, आणि तो मोजायला कुणी नव्हतं. मैदान, पेठ, कारखाना, धैर्यशील नावाचा एक्कावन्न वर्षांचा दमलेला माणूस, सगळं आपसूक सुटून गेलं. इतकं बरं त्यांना लहानपणी ताप उतरल्यावर वाटायचं.

डोळे उघडले तेव्हा गाल ओले होते. गॅलरी निम्मी रिकामी झाली होती आणि पायरीवर बाळासो डोक्याला हात लावून बसला होता.

"किती झालं रे?"

"चार शून्य. त्येंचं चार."

धैर्यशीलरावांना हसूच आवरेना. "असू दे रे! बाळासो, आज खरंखुरं ध्यान लागलं! आयुष्यात पहिल्यांदा!"

बाळासोनं मान वर केली. आजूबाजूचे दहा-बाराजण जवळ सरकले.

"म्हंजे सेमीफायनलला लागलं न्हवतं?"

"छे! त्या गोंगाटात कसलं लागतंय!"

"आनि गच्चीवर?"

"तिथंही नाही."

बाळासोनं बोटांवर तिन्ही मॅचचा हिशेब मांडला. मग उठून त्यानं धैर्यशीलरावांच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला.

"चूक आमचीच हाय, दादा. आमीच तुमच्याकडं ध्यान दिलं न्हाय. रविवारपास्नं दुसरी स्पर्धा हाय. तुमी बसायचं तितंच. फकस्त शेजारी एक मानूस ठिवतो. तुमचं ध्यान लागाय लागलं, की त्यो चिमटा काढंल."