आधी चप्पल दाखवा

देवळाली कॅम्पातल्या अहिरेनानांच्या गॅरेजात तुम्ही जीप घेऊन गेलात, तर नाना जीपकडे ढुंकूनही बघत नाहीत. "आधी चप्पल दाखवा," म्हणतात. चप्पल हातात घेऊन उलटी करतात, तळावरून अंगठा फिरवतात आणि तुमच्या गाडीचं दुखणं सांगतात. पहिल्यांदा सगळेच हसतात. मीही हसलो.

"टाच बाहेरून गेलीय. तुम्ही लय घाईचे. वळणावर ब्रेक उशिरा मारता. पुढचा डावा टायर बाहेरून खाल्ला असंल, बघा."

मी वाकून पाहिलं. खाल्ला होता. माझं हसू तिथंच संपलं.

नानांची उभी हयात लष्करी गाड्यांखाली गेली. साठी कधीच उलटली, पण पाठ ताठ आणि कानावर खडू. कोपऱ्यात मुलानं घेऊन दिलेलं, चाकं सरळ रेषेत आणायचं अलाइनमेंटचं मशीन आहे, त्यावर नाना जेवणाचा डबा ठेवतात.

माझं खरं दुखणं टायरचं नव्हतं. गंगापूर रोडवर सगळ्यांच्या जीप उंच दिसतात म्हणून मीही माझी चार इंच उचलून घेतली होती. रुबाब काय विचारता! पण साठच्या वर गेली की स्टिअरिंग असं थरथरायचं की बोलताना जीभ चावायची. सासुरवाडीला येवल्याला निघालो, तर निफाडला माझी बायको वैशाली खाली उतरली आणि तिनं मागून येणाऱ्या एसटीला हात केला. "तू ये तुझ्या उंटावरून," म्हणाली. दोन महिने झाले, ती जीपमध्ये बसली नव्हती. आणि खरं सांगतो, ती शेजारी नसेल तर मला ती जीप नको होती.

"शेजारी कोण बसतं?" नानांनी नेमकं तेच विचारलं.

"बायको. म्हणजे, बसायची."

"त्यांना घेऊन या. त्यांच्याबिगर चाकांना दोरी लावनार नाय."

रविवारी आम्ही दोघं गेलो. मी जीपनं, वैशाली रिक्षानं.

नानांनी आधी दोन इंच उंची काढून टाकली. "उंची नंतर, चाल आधी," हे त्यांचं ब्रीदवाक्य. गाडी नुसती उचलली की पुढची चाकं सरळ जायचं विसरतात, म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांखाली पोलादी पाचर बसवली. मग आम्हा दोघांना आत बसवलं. "हलू नका. गाडी मान्सांसकट सरळ पायजे." मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली, एक डोळा मिटला, टायरवर खडूची रेघ मारली, पाना जरासा फिरवला. पुन्हा डोळा मिटला. दीड तास आम्ही फोटोला बसल्यासारखे बसलो होतो. त्या दीड तासात वैशाली माझ्याशी दोन महिन्यांत बोलली नसेल इतकं बोलली.

मग रस्त्यावर काढली. साठ, सत्तर. मी हात सैल सोडले, तरी जीप सुतासारखी सरळ. वैशालीनं घट्ट धरलेली समोरची दांडी सोडली, बाटलीचं झाकण उघडलं आणि चालत्या गाडीत पाणी प्यायली. एक थेंब सांडला नाही. मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

परत आलो तेव्हा वैशाली खुशीत होती. "नाना, आता तुमची चप्पल दाखवा!" म्हणत तिनं उंबऱ्याजवळची त्यांची चप्पल उचललीसुद्धा. नवीच होती, पट्ट्यावरचं लेबलही निघालं नव्हतं. पण डावीची बाहेरची कड पार घासलेली.

"अहो नाना, तुमचंच अलाइनमेंट गेलंय की!"

नाना हसले. मग खडू कानावरून काढून हातात फिरवत बसले.

"आमच्या मंडळींचा एक पाय आखूड होता. लग्नापास्नं माझ्या डाव्या खांद्याला धरून चालायची. सगळा भार या बाजूला. तिला जाऊन दोन वर्षं झाली. ही चप्पल गेल्या दिवाळीत घेतलीय."

मला गप्प राहवेना, म्हणून मी म्हणालो, "सवय आहे, नाना. मनावर घेतलंत तर तुमचीही चाल सरळ होईल."

"व्हईल ना," नाना म्हणाले. "पन मग ती धरंल कुठं?"

वैशालीनं चप्पल दोन्ही हातांनी होती तिथं ठेवली, आणि जीपमध्ये माझ्या शेजारी जाऊन बसली.