गिटारवाल्या नामाभाऊंचा जवाब

आमच्या शेजारच्या नामाभाऊंशी बोलायची मोठी पंचाईत. तुम्ही विचारावं, "काय भाऊ, चहा झाला का?" तर माणूस तोंड उघडायचा नाही, मांडीवरच्या गिटारीवर जवाब द्यायचा. कुल्फीवाल्याच्या हाकेला जवाब, इंजिनाच्या शिट्टीला जवाब. डोकं उठायचं हो!

वर्ध्याच्या रेल्वे क्वार्टरांत आमची भिंतीला भिंत. भाऊ पार्सल ऑफिसात. ऑस्ट्रेलियाला जाताना एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं त्यांना ती गिटार देऊन टाकली, आणि सोबत ब्लूज नावाच्या अमेरिकी गाण्याचं खूळही.

"म्हणजे काय हो?" मी एकदा विचारलं.

"गाऱ्हाणं एकच, पण सांगाचं रोज नव्या तऱ्हेनं. एक ओळ गळ्याची, एक गिटारीची. ठरवून काई नाई."

गणपतीत ते ऑर्केस्ट्रात वाजवत. सिनेमाच्या गाण्यात मधला तुकडा आला की भाऊ सुटले! गायक बिचारा माइक धरून ताटकळायचा. एकदा तर त्यानं कंटाळून मंचावरच पान जमवलं. मालक तणतणला, तर भाऊ म्हणतात, "लिहून ठेवलं तेच वाजवाले मी का टाइपरायटर आहो?"

घरी गाठ कमलवहिनींशी. त्या स्वयंपाकघरातून कडाडायच्या, "तेल आणाले सांगतलं होतं, काऊन नाई आणलं?" भाऊ तारांवरून लाडीगोडी लावायचे. वहिनी आवाज चढवायच्या, गिटारही चढायची. शेवटी वहिनींनाच हसू फुटायचं. आम्ही भिंतीला कान लावून फुकटात ऐकायचो.

मग वहिनींना लकवा मारला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, आली तर येईल. भाऊ खाटेशी बसून वाजवू लागले. मोहल्ल्यात कुजबुज, "बायको खाटेवर, न ह्याले बाजा सुचून राह्यला!" मलाही राग आला. चार शब्द सुनावायला गेलो आणि दारातच थबकलो. भाऊ एक ओळ वाजवायचे, थांबायचे, वहिनींच्या तोंडाकडे बघायचे.

"तिची ओळ रिकामी सोडून राह्यलो," मला म्हणाले. "शिवी देल्ली तरी चालते. एक शबुद पाह्यजे, बस."

वहिनी नुसत्या छताकडे बघत होत्या. सारा उन्हाळा असाच गेला. शब्द काही आला नाही, आणि एका सकाळी वहिनी गेल्या.

आमच्याकडे मयताच्या घरी बाया हेल काढून रडतात. गेलेल्या माणसाचं सारं सांगतात, त्या घडीला सुचेल तसं. पुरुषांनी बाहेर गप्प बसायचं. वहिनींच्या बहिणीनं हेल काढला, "कमळे वं माय, घर सुनं करून गेली वं..." आणि श्वास घ्यायला थांबली. मी भाऊंकडे पाहिलं, हा आता गिटार काढतो की काय!

भाऊ उठले. रिकाम्या हातांनी आत गेले, बायांच्या मधोमध बसले आणि त्यांनी तसाच हेल काढला, "एक डाव तरी बोलाचं होतं वं कमल... मी थांबलो होतो नं वं..." बहिणीनं पुढची ओळ उचलली. तिची संपली की ह्यांची.

"अरे, त्याले बाहेर आणा," कोणीतरी पुटपुटलं. जागचं कोणी हललं नाही. तिरडी केव्हाची बांधून झाली होती, पण उचला म्हणायची कोणाची छाती होईना.