पेटिग्रू गल्लीतला अदृश्य ट्रक

मी मर्व्हिन टली. मेलबर्नच्या पश्चिम भागातला सर्वांत नामवंत गुप्तहेर. नामवंत असल्यामुळे गुप्त राहता येत नाही, हा माझ्या धंद्यातला एकमेव अडथळा. दुसरा अडथळा बुद्धीचा आहे, असं माझी बायको नोरीन म्हणते. पण ती पडली नर्स. कुणाचंही निदान करायची तिला घाई असते.

निवृत्तीपूर्वी मी ट्राममध्ये तिकिटं तपासायचो. फुकट्या माणूस मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचो. असंच एकदा एका फुकट्याला कॉलर धरून खाली उतरवलं, तर ते आमचे मोठे साहेब निघाले. त्यानंतर निवृत्ती जरा लवकरच आली आणि जगाला एक गुप्तहेर मिळाला.

तर एका सकाळी कार्मेना झामित आमच्या दारात उभी राहिली. पेटिग्रू गल्लीच्या तोंडाशी तिची बेकरी. तिच्या वडिलांनी माल्टाहून येऊन सुरू केलेली. हातात गरम पस्तिझींची, म्हणजे चीज भरलेल्या माल्टी पॅटिसांची, ताटली आणि डोळे लाल.

"मर्व्ह, माझं दुकान बंद पडणार बघ."

पिठाचा ट्रक मागच्या गल्लीत उभा करायची नगरपालिकेची तिला परवानगी होती. अट एकच, सकाळी सातच्या आधी यायचं नाही. बाकी अवजड गाड्यांना ती गल्ली पूर्ण बंद. पण गेले काही आठवडे रोज पहाटे तिथे ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता. पीं, पीं, पीं! सगळी गल्ली जागी. समोरच्या नव्या इमारतीतल्या अ‍ॅलिस्टर फ्र्यूने तक्रार केली, नगरपालिकेने चौकशी लावली, आणि आता बुधवारच्या बैठकीत परवानगी रद्द होणार होती.

"माझा ट्रक सातनंतरच येतो गं," ती नोरीनला सांगत होती. "ड्रायव्हर आळशी आहे माझा. पहाटे उठला तर त्याची आई चर्चमध्ये मेणबत्ती लावेल! पण ऐकतंय कोण?"

"मी ऐकतो," मी म्हणालो आणि दुसरी पस्तिझी उचलली. "उद्यापासून पाळत."

पाळतीत एक अडचण आली. मी चहा घेऊन, गुडघ्याला मलम चोळून गल्लीत पोचायचो, तोवर आवाज होऊन गेलेला असायचा. खिडकीतून फ्र्यू रोज ओरडायचा, "आत्ताच झाला! दोन मिनिटं आधी आला असतास तर!" रोज! यावरून मी ताडलं की गुन्हेगाराला माझ्या हालचालींची खडान्‌खडा बातमी होती. म्हणजे घरातलंच कुणीतरी फितूर.

"नोरीन," मी त्या दिवशी जेवताना तिच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "मी घरातून कधी निघतो, हे तू कुणाला सांगतेस?"

"तू दार आपटतोस त्यावरून अख्ख्या मोहल्ल्याला कळतं. भाजी घे."

संशयितांच्या यादीतून मी तिला तूर्त वगळलं. भाजी तीच वाढत होती.

मग माझी नजर गेली मिस्टर लाम यांच्याकडे. त्यांचं व्हिएतनामी पाव-सँडविचचं दुकान कार्मेनाच्या समोरच. धंद्यातली चुरस! मी गिऱ्हाईक होऊन आत शिरलो आणि सहज विचारलं, "काय हो, तुमचं पीठ कुठून येतं?"

"कार्मेनाकडून," लाम म्हणाले. "पावच तिच्याकडून घेतो मी. तिचं दुकान बंद झालं तर मी काय विकू, कोथिंबीर? मिरची घालू का जास्त?"

घाला म्हणालो. डोळ्यांतून पाणी काढायला काहीतरी कारण हवंच होतं.

तिसरा सिद्धान्त मात्र बिनतोड होता. आमच्याकडचा मॅगपाय पक्षी वाटेल त्या आवाजाची नक्कल करतो. बेकरीमागच्या निलगिरीवर एका मॅगपायचं घरटं होतं. म्हणजे ट्रक नव्हताच, होता तो पक्षी! मी जबानी घ्यायला शिडी लावून वर चढलो. वसंत ऋतू, घरट्यात पिल्लं. पुढचं वर्णन मी करत नाही. फ्र्यूने त्याची चित्रफीत काढली आहे, ज्याला हवी त्याने मागून घ्यावी. पक्ष्याने तोंड उघडलं नाही, चोचच वापरली. पीं-पीं माझीच झाली.

माझा तर्क आणि लोकांचा ट्रक, दोन्ही चुकीच्या गल्लीत शिरले होते.

मंगळवारी सकाळी मी डोक्याला पट्टी बांधून पुन्हा पाळतीवर बसलो. बसायला एक झकास आडोसा होता. गल्लीत रोज एक मोठी पांढरी बंद गाडी उभी असायची. तिच्या मागच्या चाकाशी टेकून बसलं की बेकरी दिसायची आणि वाराही लागत नसे. पण त्या दिवशी वारा लागत नसला, तरी धीर सुटला होता. बेकरीच्या खिडकीतून कार्मेना दिसत होती. ती वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून पुसत होती आणि परत लावत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण हे काम घ्यायलाच नको होतं. एखाद्या खऱ्या गुप्तहेराने घेतलं असतं तर तिचं दुकान वाचलं असतं.

तेवढ्यात सपाता फटफटवत नोरीन आली.

"रक्तदाबाची गोळी विसरलास. आणि थंड जमिनीवर काय बसलायस? ही गाडी कुणाची?"

"आडोसा आहे तो."

"आडोसा कुणाचा, म्हणते मी."

आडोशाची उलटतपासणी करायची पद्धत आमच्या धंद्यात नाही. नोरीनने सरळ गाडीच्या काचेवर टकटक केली. आत कानाला मोठे हेडफोन लावून एक बाई बसली होती. जेनेल तिचं नाव. तिने एक कान मोकळा करून काच खाली केली.

"इथे रोज असतेस का गं?" नोरीनने विचारलं.

"हो ना. नगरपालिकेकडून आलेय, आवाज मोजायला. कुणाला सांगू नका हं, गुप्त आहे."

"बरं. मग तो पहाटेचा ट्रक पाहिलास?"

"नाही हो, तेच तर नवल! यंत्रात रोज नोंद होते, अवजड वाहन मागे घेतल्याचा आवाज. पण मी गाडी लावून मागे बघते तर कुणीच नाही."

"गाडी कशी लावतेस?"

"मागे घेत. माइक मागच्या बाजूला आहे ना."

"आणि मागे घेताना ही वाजते?"

जेनेलने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"अगं आई गं," ती म्हणाली.

मी उभा राहिलो आणि भारदस्त आवाजात म्हणालो, "माझाही संशय तोच होता." दोघींनीही वळून पाहिलं नाही.

सगळा उलगडा बैठकीत झाला. महिन्यापूर्वी मोठ्या रस्त्यावरचा पूल बंद असताना एक परगावचा ट्रक वाट चुकून गल्लीत शिरला होता. फ्र्यूने तक्रार केली ती त्याचीच, आणि ती रास्तच होती. तो ट्रक पुन्हा कधी आला नाही. आली ती त्याचा आवाज मोजणारी गाडी. रोज पहाटे, नियमाने नियम मोडत. अध्यक्षबाईंनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि गाडीला गल्लीत यायची बंदी केली. कार्मेनाची परवानगी कायम राहिली. फ्र्यू तिच्याकडे जाऊन म्हणाला, "माफ कर बाई. कित्येक आठवडे झोप नव्हती, डोकं चालेना." ती म्हणाली, "उद्या ये. ताजा पाव ठेवते." मग ती नोरीनच्या गळ्यात पडून रडली. मी बाजूला उभा राहून छताची बारकाईने पाहणी केली. छतात काही संशयास्पद नव्हतं, पण माझ्या डोळ्यांत होतं.

परवा दाराची घंटा वाजली. पलीकडच्या रस्त्यावरच्या मिसेस ओकॉनर. त्यांचं मांजर हरवलंय.

"गुप्तहेर आहेत का घरात?"

मी छाती पुढे काढली. "आहेत."

"मग बोलवा ना त्यांना," त्या म्हणाल्या. "सांगा, सपाता घालून आल्या तरी चालेल."

मी नोरीनला हाक मारली आणि पाहुणीसाठी चहाचं आधण ठेवायला आत गेलो.