उत्तर वेशीच्या मैदानाची हकिकत

श्री मार्तंड समर्थ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. विज्ञापना ऐसी जे, स्वामींनी पुसिले की उत्तर वेशीची पेठ एवढी कशाने खवळली, तो वृत्तांत यथास्थित लिहिणे. त्यावरून जे डोळां देखिले आणि जे भरवशाचे माणसांचे तोंडून ऐकिले, ते मीठमसाला न घालता लिहितो.

राज्यात फुटबॉलाचे वेड थोर. नामांकित फौजा लीगमध्ये खेळत आणि त्यांचे सामन्यांस दुनिया लोटत असे. उत्तर वेशीची फौज मात्र लीगबाहेर. वर्षानुवर्षे अर्ज करावा आणि लीगचे मंडळाने ‘तुम्हांस धड मैदान नाही’ म्हणोन वाटेस लावावे. मैदान म्हणावे तर पेठेचा उकिरडा होता. मग सेनापती रंगराव मोरबाळे, जे पोटासाठी एसटीचे वर्कशॉपात इंजिने दुरुस्त करीत, आणि गोलचे किल्लेदार इस्माईल बागवान, ज्यांचा मंडईत फळांचा गाडा, या दोघांनी पेठेस हाक दिली, आणि बायामाणसांनी काचा वेचिल्या, धोंडे उपसले, माती चाळिली, नदीकाठची हरळी आणोन लाविली आणि उन्हाळाभर घागरींनी जगविली. ते हिरवे जाहले तेव्हा मंडळ नमले आणि आज्ञा दिली की, शुद्ध सप्तमीस रविवारी नदीपारची फौज तुमचे घरी खेळावयास येईल, आमचे पंच पाहतील, मैदान व खेळ पसंत पडल्यास लीगमध्ये घेऊ, सामना घरी न जाहल्यास पुन्हा अर्ज घेणार नाही. पेठेत आनंद मावेना.

मैदानाचे कारभारी जयसिंगराव खाडे. हे तरुणपणी पेठेचे नामी आघाडीवीर. एके सामन्यात त्यांचा घोटा मोडला, तेव्हा पेठेने त्यांस खांद्यावर घेऊन इस्पितळी नेले आणि पुढे मानाने फौजेचे अध्यक्षपदी बसविले. अद्याप लंगडत चालत, आणि त्या लंगडण्यासही लोक मुजरा करीत. अशा पुरुषाने काय करावे? गुरुवारी सकाळी मैदानात डंपर शिरले आणि मधोमध मुरूम ओतू लागले, आणि त्यांचेमागून रोलर आला व हरळी चिरडीत फिरू लागला. पुसता कळले की, शनिवारी चंपाषष्ठीस थोरले मंत्री खंडोबाचे दर्शनास येणार, त्यांचे हेलिकॉप्टर येथेच उतरणार आणि रविवारी दुपारी येथूनच उडणार, अध्यक्षांनी संमती दिली आहे. पेठेस कोणी पुसिले नाही. चिरडली हरळी इस्माईलांची वृद्ध आई वेचू लागली. रंगराव तडक अध्यक्षांचे घरी गेले, आणि इस्माईल मागोमाग.

अध्यक्ष झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, “ये रंगा, बैस. चहा घे.”

रंगराव उभेच राहिले. “दादा, मैदान तुम्ही दिलंत?”

“दिलं. साहेब खूश झाले की लीगचं दार आपोआप उघडेल. एक सामना नदीपार जाऊन खेळलात तर काय बिघडतं?”

“घरी नाही खेळलो तर अर्जच घेणार नाहीत. तुम्हांला ठाऊक आहे.”

“अरे, मंडळ साहेबांच्या शब्दाबाहेर आहे होय? तुला राजकारण कळत नाही.”

मग इस्माईल, जे सहसा बोलत नसत, ते बोलले, “दादा, तुमचा पाय मोडला तेव्हा आम्ही राजकारण बघून खांदा दिला नव्हता.”

अध्यक्षांचा चेहरा उतरला, परंतु अहंकार उतरेना. “उपकार काढतोस काय? चला, निघा.” आणि दोघे निघाले. वाटेत रंगराव म्हणाले, “परक्यानं केलं असतं तर भांडलो असतो. ह्यांचं करायचं काय?”

शनिवार उजाडला. कमानी उभारिल्या, हार आले, अध्यक्ष नवे जाकीट घालोन उभे राहिले, आणि आकाशी घरघर ऐकू येताच फौजेचे अकरा वीर जर्सी घालोन मैदानात शिरले व आपापले जागी उभे ठाकले, इस्माईल गोलात, रंगराव मुरमाचे मधोमध. पोलीस फौजदार धावले. “बाजूला व्हा, नाहीतर आत टाकीन.”

रंगराव म्हणाले, “टाका. फक्त उद्या सामन्याआधी सोडा.”

धूळ उडाली, कमान पडली, हार विखुरले, आणि वीर डोळे मिटोन उभे ते हलले नाहीत. मग यान घिरट्या घालोन निघोन गेले व पोलिसांचे कवायतीचे मैदानी जाऊन उतरले. रंगराव व इस्माईल यांस चौकीत नेले. पेठ चौकीपुढे ठाण मांडोन बसली, आणि फौजदारांनी वैतागोन दिवस मावळण्याआधी दोघांस सोडिले.

मैदानी येऊन पाहतात तो अर्धी पेठ मुरूम उपसते आहे, आणि त्यांत जयसिंगराव, जाकीट काढोन, घामाघूम, पाटी ओढीत आहेत. ते कवायतीचे मैदानी धावले होते, परंतु मंत्र्यांनी त्यांचेकडे पाहिलेही नव्हते. रंगरावांस पाहोन म्हणाले, “रंगा, मला खरंच वाटलं होतं, लीग मिळेल.”

“मैदान तुमचं नव्हतं, दादा. आम्ही राखायला दिलं होतं.”

“चुकलं माझं.”

“हो, चुकलं. पाटी उचला. पण उद्या खुर्चीत बसू नका.”

जयसिंगरावांनी मान डोलाविली व पाटी उचलिली. त्यांस कोणी हात दिला नाही, आणि कोणी हाकलिलेही नाही.

रविवारी पंच आले, टाचेने माती दाबोन पाहिली, कपाळास आठ्या घातल्या आणि ‘खेळवू’ ऐसे म्हणाले. अध्यक्षांची खुर्ची रिकामी राहिली, ते दोरीमागे लोकांत उभे होते. नदीपारचे सेनापती नाणेफेकीस आले आणि मधोमध ओसाड तांबडे वर्तुळ पाहोन हसले. “इथं खेळायचं?”

रंगराव म्हणाले, “इथंच.”

सारांश, यान उतरले नाही, हरळी मेली ती मेली, मैत्र तुटले ते सांधले नाही, आणि सामना घरीच उभा राहिला. शिटी अद्याप वाजावयाची आहे. लीग मिळो न मिळो, राग कोणाचाही शमला नाही, आणि तो शमावा ऐसे लिहिणारासही वाटत नाही. लेखनसीमा.