पूल-स्पर्धेतली शेवटची खुर्ची

एका जंगलात, बाळांनो, नदी होती आणि पूल नव्हता. आता लगेच हात वर करून 'मग प्राणी पलीकडे कसे जायचे?' असं विचारू नका. जायचेच नाहीत. उन्हाळ्यात नदी आटली की जायचे, आणि एरवी काठावर उभं राहून पुलाबद्दल बोलायचे.

त्या जंगलात साळूबाई नावाची साळिंदर राहायची. तिची एकुलती एक लेक बोरी. नदी कोरडी होती तेव्हा बोरीची वरात वाजतगाजत पलीकडे गेली होती. आता नदी दुथडी भरली होती आणि बोरीचे दिवसही भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर पडलं अलीकडे. त्यात सासू खवचट. साळूबाई रोज काठावर येऊन पलीकडे बघत बसायची.

अशात जंगलाच्या समितीने ठरवलं, पूल बांधायचा. पण आधी स्पर्धा घ्यायची. स्पर्धा न घेता काहीतरी बांधणं म्हणजे शुद्ध रानटीपणा, असं त्या रानात सगळ्यांचं मत होतं. परीक्षक नेमले बगळेसर. त्यांना पंख होते, पुलाची गरज नव्हती. इतका तटस्थ परीक्षक शोधून सापडला नसता.

नमुने धडाधड आले. मोराचा पूल नदीच्या मधोमध संपत होता. "तिथून देखावा छान दिसतो," तो म्हणाला. बेडकाने पूल पाण्याखालून नेला होता. माकडांनी तर चित्रच काढलं नव्हतं, नुसतं 'शेपट्या घट्ट धरा' असं लिहून दिलं होतं.

हसू नका. साळूबाईचा नमुना ऐका.

तिला पुलातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने सांगितलं, "पूल राहू द्या बाजूला. सगळे मिळून दोर लावू आणि पलीकडचा काठच इकडे ओढू. म्हणजे लेक आपोआप येईल."

बगळेसरांनी एक पाय वर घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. मग निकाल दिला. "एकही नमुना पारितोषिकाच्या लायकीचा नाही. तरीपण सगळ्या अयशस्वी स्पर्धकांचा जाहीर सत्कार होईल. साळूबाईंचा नमुना तर... असो. त्यांचा नंबर शेवटचा."

"सत्कार काय चुलीत घालू?" साळूबाई रडत ओरडली. "माझी पोर तिकडे अवघडून बसलीय!"

"नारळही आहे," बगळेसर म्हणाले.

काठावर व्यासपीठ उभारायचं काम झिपरे आडनावाच्या अस्वलांकडे आलं. मांडवाचा धंदा त्यांचाच. पण झालं काय, मागच्या रांगेत बसायला कुणी तयार होईना. व्यासपीठावर दुसऱ्याच्या पाठीमागे बसायचं म्हणजे त्या जंगलात मरणापेक्षा वाईट. म्हणून सगळ्यांची एकच रांग, नंबराप्रमाणे. माकडांचा नमुना एक, पण खुर्च्या हव्यात सगळ्या टोळीला. व्यासपीठ लांबत गेलं. एका अंगाला वाघाची गुहा होती, तिकडे लांबवायची कुणाची छाती नव्हती. म्हणून झिपऱ्यांनी दुसऱ्या अंगाला वासे रोवले, फळ्या टाकल्या.

"सर, व्यासपीठ पाण्यात चाललंय," ते म्हणाले.

"जाऊ द्या. कुणाचा रुसवा नको," बगळेसर म्हणाले.

सत्काराच्या दिवशी साळूबाई आपली खुर्ची शोधत निघाली. "जरा सरका हो, काटे लागतील," म्हणत सगळ्या रांगेसमोरून चालत राहिली. खुर्च्या काही संपेनात. शेवटी बेडूकरावांच्या पलीकडे तिची खुर्ची होती, निम्मी फळीवर आणि निम्मी चिखलात.

ती टेकली तोच मागच्या झुडपातून आवाज आला, "आई गं!"

साळूबाईने कान टवकारले. बोरीचा आवाज!

"बेडूकराव, हा कुठला काठ हो?"

"काठ कसला? व्यासपीठाचं टोक आहे हे. गप्प बसा, सर बोलतायत."

भोंग्यावर बगळेसर सांगत होते, "ही नदी ओलांडणं आज तरी कुणालाच शक्य नाही, हे मोठ्या खेदाने मान्य करावं लागतं." या काठापासून त्या काठापर्यंत टाळ्या पडल्या.

साळूबाई उठली.

"अहो, आभारप्रदर्शनाच्या आधी उठतात का कुणी? चारचौघांत शोभतं का हे?" बेडूकराव कळवळले.

"नाही शोभत," असं म्हणून साळूबाई झुडपात पळाली.

सत्कार पार पडले. "साळूबाई! साळूबाई!" असा पुकारा झाला, नारळ तसाच राहिला. मंडळी अलीकडे उतरून घरी गेली आणि झिपऱ्यांनी फळ्या, वासे, सगळं उचकटून नेलं.

सकाळी पाहतात तो साळूबाई पलीकडच्या काठावर नातवाला ऊन दाखवत बसलेली. सारं जंगल काठावर धावलं. बिचारी बाई तिकडे अडकली! समितीची तातडीने बैठक झाली आणि साळूबाईला परत आणण्यासाठी पुलाची नवी स्पर्धा जाहीर झाली.

"साळूबाई, तुम्हीपण नमुना पाठवा!" बगळेसरांनी हाक मारली.

साळूबाईने नातवाच्या अंगावरचा हात काढला नाही. "मी नाही बाई," ती म्हणाली. "सत्कार तेवढे करत राहा."

तात्पर्य: बाळांनो, स्पर्धेत उतरलात तर शेवटचा नंबर काढा. पहिल्या खुर्चीवरचे अजून अलीकडेच आहेत.